ज्याचं चित्र, त्याला आधी

चंद्रपूरच्या एका दैनिकात मी मुद्रितशोधक होते, अधूनमधून रविवारच्या पुरवणीत लिहायचेही. दुसऱ्यांच्या चुका काढणं हे माझं काम, आणि घरचे म्हणतात की स्वभावही तोच. अशा बाईच्या समोरच्या टेबलावर तुळशीराम नागोसे नावाचा व्यंगचित्रकार आणून बसवणं हा संपादकांचा विनोद होता की सूड, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्याच दिवशी हा गृहस्थ स्लीपर फटफटवत आला, ब्रश स्वतःच्या केसांना पुसला आणि मला म्हणाला, "चुका काढनाऱ्या बाई तुमीच का? मंग आपलं जमते. मी बी तेच करतो. तुमी लेखी करता, मी तोंडी."

त्यांचे केस अर्धे पांढरे होते आणि अर्धे, त्या त्या दिवशीच्या कामाप्रमाणे, निळे किंवा हिरवे. नखांत रंग असे. चित्रांची गुंडाळी ते पाण्याच्या प्लास्टिक पाइपाच्या तुकड्यात घालून आणत, आणि चहा बशीत ओतून, डोळे मिटून, इतका मोठा आवाज करत पीत की फोनवर बोलणारा वार्ताहर थांबून बघे. मी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. "चहा गपचूप पेला त त्याले वाटते आपन चोरून राह्यलो," असं उत्तर मिळाल्यावर मी नाद सोडला.

मूळचे ते ब्रह्मपुरीचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरवरची नावं, भिंतीवरच्या जाहिराती. फ्लेक्स आले आणि त्या धंद्याचं कंबरडं मोडलं. पण आमच्या संपादकांपर्यंत त्यांचं नाव गेलं ते शेवटच्या एका भिंतीमुळे. एका पुढाऱ्याने वाढदिवसानिमित्त स्वतःचं चित्र काढायला सांगितलं होतं: हात जोडलेले, पांढरे कपडे, जनतेकडे चालत येणारे. तुळशीभाऊंनी अगदी तसंच काढलं. फक्त त्या भिंतीच्या पायाशी रस्त्यात एक मोठा खड्डा होता, आणि चित्रातल्या साहेबांचं पुढचं पाऊल त्यांनी असं उचललं होतं की ते बरोबर त्या खड्ड्यात पडणार. रस्त्याने जाणारा माणूस नकळत थांबून, "अरे, सांभाळून," असं म्हणायचा. साहेबांची पोरं मारायला आली, तर चित्रकार साहेबांच्याच ओसरीवर बसून बशीतून चहा पीत होता. रंग वाळायच्या आधीच तो साहेबांना बोलावून चित्र दाखवायला घेऊन गेला होता. साहेब आधी लालबुंद झाले, मग हसले, आणि आठवडाभरात खड्डा बुजला. चित्रातले साहेब मात्र पुढे कितीतरी दिवस सपाट रस्त्यावर पाय उचलून उभे होते.

ज्याचं चित्र काढलं त्याला ते आधी नेऊन दाखवायचं, हा त्यांचा नियम होता. छापण्याची परवानगी मागायला ते जात नसत. हो म्हणा, नाही म्हणा, चित्र छापून यायचंच. पण ज्याला हसायचं त्याच्या समोर जाऊन एकदा उभं राहायचं. मला हा प्रकार पहिल्यांदा कळला तेव्हा मी हादरलेच. व्यंगचित्रकार आणि वसुलीवाला यांच्यात काही फरक राहतो की नाही, असं मी फटकन विचारलं. त्यांनी राग मानला नाही.

"बाई, मागून हसाले काय लागते? बैलाच्या मागं उभं राहून बी हसता येते," ते म्हणाले. "ज्याचं नाक मोठं केलं, त्याच्या नाकाखाली नेऊन दाखवाचं. तवा समजते, आपल्याले ते नाक खरंच दिसलं होतं का आपन फुकट वाढवलं."

आणि ते खरोखर जायचे. सायकलवर, पाठीला पाइप बांधून. कधी बंगल्यांच्या फाटकापाशी अर्धा अर्धा दिवस बसायचे. एका कंत्राटदाराने चित्र त्यांच्या तोंडावर फाडलं, तर ते त्याच्याच पायरीवर बसले आणि पुन्हा काढायला लागले. "पहिलंवालं थोडं आखडलं होतं, फाडलं ते बरं झालं. आता हात मोकळा झाला." कंत्राटदाराच्या बायकोनेच शेवटी आतून पोहे पाठवले. एका साहेबांनी चित्र बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं आणि विचारलं, "मी असा दिसतो?" तुळशीभाऊ म्हणाले, "कामाच्या दिवशी नाई. मीटिंगच्या दिवशी." तो साहेब पुढे दर दिवाळीला त्यांना मिठाईचा डबा पाठवायचा.

माझाही त्यांना एक उपयोग होता. चित्र पुरं झालं की ते माझ्या टेबलावर उलटं ठेवत, मग पत्त्याचं पान उघडावं तसं झटकन पलटवत, आणि चित्राकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत. माझ्या भुवया वर गेल्या, तोंड उघडं पडलं की म्हणत, "बाईले धक्का बसला. जमलं." मी नुसती हसले तर चित्र परत घेऊन जात. एकदा त्यांनी माझंच चित्र पलटवलं: मी खुर्चीत बसले आहे आणि लाल पेनाने देवळातल्या मारुतीच्या शेपटीचा वेलांटीसारखा वळलेला शेंडा दुरुस्त करते आहे. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. ते चित्र माझ्या स्वयंपाकघरात अजून लावलेलं आहे.

दिवाळी झाली की तुळशीभाऊ कचेरीतून नाहीसे होत, ते होळीलाच परत येत. हे दिवस आमच्याकडे नाटकांचे. धान कापून झालेलं असतं, गावोगावी मंडप पडतात, वडसा गावातल्या नाटक कंपन्या रोज नव्या गावी जातात. तुळशीभाऊ अशा एका कंपनीत विनोदी नट होते. पडदेही तेच रंगवत. संपादक दरवर्षी म्हणत, परत आला तर ठेवणार नाही, आणि दरवर्षी ठेवत. कारण त्यांच्याशिवाय सोमवारचा अंक मिठाशिवायच्या वरणासारखा लागायचा.

रंगमंचावर ते लिहून दिलेलं कधी बोलले नाहीत. ज्या गावात नाटक, त्या गावात दुपारीच जायचे, चहाच्या टपरीवर बसून कोण कोणावर चिडलेलं आहे ते ऐकायचे आणि रात्री तेच बोलायचे. पण इथेही नियम तोच. ज्याच्यावर बोलायचं त्याला दुपारी गाठून सांगायचं. एका गावात विजेच्या लाइनमनवर लोक वैतागलेले होते. तुळशीभाऊ त्याच्या घरी गेले, म्हणाले, "भाऊ, आज तुमच्यावर बोलनार आहो. समोर येऊन बसजा." लाइनमन म्हणाला, बोला ना, मले काय. रात्री यांनी नेमकं त्याचं नाव घेतलं आणि गावातली वीज गेली. हजारभर माणूस, स्त्रिया, लेकरं, सगळा अंधार. आणि अंधारातून यांचा आवाज: "पाहा, मी म्हनत होतो ना, मानूस कामाचा आहे. वेळेवर हजर." वीज परत आली तेव्हा लोक पोट धरून लोळत होते, असं कंपनीचा पेटीवाला मला सांगत होता.

ही गोष्ट तुळशीभाऊ स्वतः फार रंगवून सांगत. मी ऐकताना एकदा म्हटलंही, "तुम्ही आधी सांगितलं नसतं तर त्याने वीज घालवलीच नसती." ते म्हणाले, "तं मंग मजा काय आली असती?"

पुढे वरच्या ऑफिसने व्यंगचित्रं नागपुरातून तयार पाठवायला सुरुवात केली आणि तुळशीभाऊंचं टेबल काढून तिथे पाणी थंड करायचं यंत्र ठेवलं. मला तो माणूस म्हाताऱ्या सासूसारखा छळत होता, तरी त्या यंत्राची घरघर ऐकून मला रडू यायचं. ते अधूनमधून एखादं चित्र घेऊन यायचे, संपादक गुपचूप आतल्या पानावर लावायचे. असंच एकदा भर उन्हाळ्यात आले आणि म्हणाले, "बाई, रविवारच्या पुरवणीसाठी गोष्ट देतो. माझ्या सासुरवाडीले चला."

त्यांची सासुरवाडी चिमूरच्या पुढे, जंगलाला अगदी लागून. तिथे उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला आणि मग विड्यांसाठी तेंदूची पानं तोडायला सगळं गाव जंगलात जातं. पान तोडताना बाई वाकते, आणि वाकलेल्या बाईवर वाघ मागून येतो. त्या पट्ट्यात असं घर नाही जिथे कोणाची तरी अशी आठवण नाही. समोरून बघणाऱ्या माणसावर वाघ सहसा झेपावत नाही, म्हणून कुठल्याशा संस्थेने बायकांना डोक्याच्या मागे बांधायला प्लास्टिकचे मुखवटे वाटले होते. सगळे एकाच साच्यातले: गोरे, गुलाबी गालांचे, हसरे. बायकांनी ते खुंटीला टांगून ठेवले होते. पोरं हसतात, लाज वाटते, आणि एवढ्या गोड हसणाऱ्या तोंडाला वाघ काय भिणार, असं त्यांचं म्हणणं.

तुळशीभाऊंनी शाळेच्या व्हरांड्यात ऑइलपेंटचे डबे मांडले. त्यांच्या बायकोने, कुसुमवहिनींनी, नाकं वाढवायला कागदाचा लगदा कालवला. वहिनी ठेंगण्या, हळू बोलणाऱ्या, नवऱ्याच्या एकाही विनोदाला न हसणाऱ्या. "घरी कोनीतरी सुदं मानूस लागते," असं त्या मला चुलीपाशी म्हणाल्या होत्या. बायका एकेक करून आपला मुखवटा घेऊन समोर बसत आणि तुळशीभाऊ प्रत्येकीला एकच प्रश्न विचारत.

"वाघ सोडून तू कोनाले भेतेस? त्याचं तोंड काढून देतो. तुले भेव वाटते तं वाघाले बी वाटन."

असा हशा मी कधी ऐकला नव्हता. पहिलीने सासूचं नाव घेतलं, आणि सासू मागेच रांगेत उभी. दुसरीने दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचं. एकीने कर्जवसुलीला येणाऱ्या साहेबाचं वर्णन केलं, मिशीपासून मोबाइलपर्यंत. एका म्हातारीने ठणकावून सांगितलं, "मी कोनाले भेत नाई. माझंच काढ." तुळशीभाऊंनी तिला नमस्कार केला आणि तिचंच काढलं, आणि ते सगळ्यांत भयंकर निघालं. आमच्या फोटोग्राफरला हसून कॅमेरा धरता येईना. मी वहीत भराभर लिहीत होते आणि मनात म्हणत होते, पुरवणीचं पहिलं पान हेच.

मग यमुना नावाची एक तरुण बाई समोर येऊन बसली. तुळशीभाऊंनी ब्रश केसांना पुसला आणि तोच प्रश्न विचारला. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती लगदा कालवणाऱ्या कुसुमवहिनींकडे बघत होती.

"मुन्शीचं काढा," ती म्हणाली.

रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. मला काही कळेना. तोडलेली पानं बायका पुडके बांधून जिथे नेऊन देतात त्याला फळी म्हणतात, आणि तिथे पुडके मोजून घेणारा कारकून म्हणजे मुन्शी, एवढं मला ठाऊक होतं. हा मुन्शी म्हणजे मनोहर, हे माहीत नव्हतं. मनोहर म्हणजे कुसुमवहिनींचा धाकटा, एकुलता भाऊ. आदल्या दिवशी दुपारी आम्ही त्याच्याच घरी जेवलो होतो. गोड बोलणारा, स्वच्छ शर्टातला, मला आग्रहाने दुसरी पोळी वाढणारा माणूस.

"काऊन?" तुळशीभाऊंनी हळूच विचारलं.

"पुडके मोजते तवा तुमी कधी पाह्यलं नाई, भाऊ," यमुना म्हणाली. "त्याचे हात कुठी कुठी जातात. नाई म्हटलं तं दिवसभराचे पुडके बाद करते. म्हनते, पान खराब आहे. पान खराब नाई राहत, भाऊ."

मग जिने सासूचं नाव सांगितलं होतं ती उठली, ओला मुखवटा घेऊन आली आणि म्हणाली, "माझं बी पुसा. माझी सासू गरीब आहे. मुन्शीचंच काढा." तिच्यामागून दुसरी आली. मग तिसरी. रंगवून झालेले मुखवटे परत येऊ लागले. ज्या बायका घरी निघून गेल्या होत्या त्या वाटेवरून वळल्या. माझं पेन थांबलं होतं. इतकी वर्षं त्या माणसाने मला धक्के दिले होते, पण ते सगळे खेळातले होते हे मला तेव्हा समजलं.

तुळशीभाऊ बायकोकडे बघत होते. एकुलता भाऊ, आईबाप गेल्यावर वहिनींनी त्याला शिकवलेलं, यांनी त्याला चड्डीतून पँटीत घातलेलं. वहिनींनी लगद्यातून हात काढला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "त्याचं नाक वडिलांसारकं आहे. थोडं बसकं काढजा."

संध्याकाळपर्यंत व्हरांड्याच्या भिंतीला टेकून ते मुखवटे वाळत ठेवलेले होते. अर्ध्याहून जास्त एकाच माणसाचे. माझ्याने तिकडे बघवेना.

त्याच बैठकीत तुळशीभाऊंनी एक चित्रही काढलं होतं. जंगलात शिरणारी बायकांची रांग, पाठमोरी, आणि प्रत्येकीच्या डोक्यामागे मनोहर. या वेळी त्यांनी ते माझ्यासमोर उलटं ठेवलं नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. नुसतं पुढे सरकवलं. बायकांनी मला बजावलं होतं, आमची नावं नका छापू, पण भाऊचं चित्र छापा. मी म्हटलं, "द्या. मी संपादकांशी बोलते, उद्या सकाळी पहिल्या पानावर येईल. छापून आल्यावर त्याची हिंमत होणार नाही."

"देतो," ते म्हणाले. "पहिले त्याले दाखवून येतो."

मी त्यांच्यावर ओरडले. हा काही पुढारी नाही, लाइनमन नाही, हा तुमचा नियम आज गुंडाळून त्या पाइपात घाला, असं जे तोंडाला आलं ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, परक्या मानसाईले दाखवत आलो मी. घरच्याले मागून हानू का? त्याले लाज वाटन. वाटलीच पायजे. माझ्या हातानं जेवला तो." कुसुमवहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या त्यायले. पाहून सुधरला तं सुधरला." त्या दोघांच्या तोंडावरची आशा बघून मी आणखी ताणलं नाही आणि गाडीत बसून चंद्रपूरला आले.

चित्र दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आलं नाही. दुपारी फोन आला. आवाज त्यांचा आहे हे मला ओळखू येईना.

"बाई, मी त्याले पहिले दाखवलं," एवढंच ते म्हणाले, आणि फोन चालूच राहिला.

बाकीचं मला तिथे गेल्यावर कळलं. मनोहरने चित्र हातात धरून नीट पाहिलं होतं. हसला होता. "भाऊजी, नाक जमलं," म्हणाला होता, आणि त्यांना जेवायला थांबवलं होतं. हे जेवत होते तेवढ्यात त्याने माणूस घरोघर पाठवला: उद्यापासून डोक्यामागे मुखवटा दिसला तर त्या बाईचे पुडके घेणार नाही. पानांचं काम जेमतेम पंधरवड्याचं, त्यावर पावसाळा काढायचा. पहाटे बायका मुखवटे घरी ठेवून जंगलात गेल्या. यमुनाही गेली. वाकून पान तोडत होती. सोबतच्या बायकांना फक्त झुडूप हललेलं दिसलं.

मी तिच्या घरी गेले. दाराशी माणसं बसलेली होती. आत भिंतीवर खुंटीला तिचा मुखवटा टांगलेला होता, रंग अजून पुरता वाळला नव्हता. तो मुखवटा असता तर वाघ आला नसता, असं मी म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ज्याने तो उतरवायला लावला त्याला आदल्या संध्याकाळी कोणी सावध केलं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि गावाने तुळशीभाऊंना एका शब्दाने बोल लावला नाही. मला वाटतं, तेच त्यांना सहन झालं नाही.

ते शाळेमागच्या मोहाखाली बसले होते. मी शेजारी बसले. म्हणाले, "जे हसले त्यायले दाखवलं. ज्यानं फाडलं त्याले दाखवलं. चांगलेच मानसं भेटले मले आजवर, बाई. मले वाटलं, सारेच तसे."

चित्र आम्ही छापलं. पण ते छापून येण्याआधीच बायकांनी काय करायचं ते केलं होतं. काम पुन्हा सुरू झालं त्या संध्याकाळी मी फळीवर होते. मनोहर टेबलाशी बसलेला, तसाच स्वच्छ शर्ट. बायका पुडक्यांच्या गाठोड्यांसह आल्या, गाठोडी खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसल्या. आता एकही मुखवटा दुसऱ्या कोणाचा नव्हता. त्या म्हातारीनेसुद्धा आपलं तोंड पुसून त्याचं लावलं होतं. शेवटच्या रांगेत एक ठेंगणी बाई होती, तिला मी मागून ओळखलं नाही. मनोहरने ओळखलं. "अक्का," तो म्हणाला. "अक्का, तू पन?"

कुसुमवहिनींनी मान वळवली नाही. त्यांच्या डोक्यामागून त्यांच्याच भावाचं तोंड त्याच्याकडे बघत राहिलं. तो थोडा वेळ बसला, मग उठला, मोटारसायकल काढली आणि गेला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने दुसरा मुन्शी पाठवला. लोक म्हणाले, झालं ते बरं झालं. वहिनी त्या रात्री जेवल्या नाहीत, आणि पुढे भाऊबीजेला त्या कुठेही गेल्या नाहीत.

तुळशीभाऊंनी नंतर चित्र काढलं नाही. नाटक कंपनीचा माणूस दोनदा बोलवायला येऊन गेला. ब्रह्मपुरीचं घर भाड्याने देऊन दोघं सासुरवाडीलाच राहायला गेली. मी फोन केला तर वहिनी उचलायच्या, म्हणायच्या, "बरे आहेत. सकाळी जंगलात जातात बायकाईसंग." मला वाटलं, मोह वेचायला जात असतील. पोट आहे शेवटी.

पुढच्या मोसमात मी गेले तेव्हा उजाडतच होतं. गावाबाहेरच्या जंगलातल्या पायवाटेवर बायका टोपल्या घेऊन एकामागे एक निघाल्या होत्या, प्रत्येकीच्या डोक्यामागे मुखवटा. आणि रांगेच्या अगदी शेवटी तुळशीभाऊ उलटे चालत होते. पाठ बायकांकडे, तोंड मागच्या जंगलाकडे. कमरेला दुपट्टा बांधलेला, त्याचं दुसरं टोक पुढच्या बाईने धरलेलं. ती त्यांना ओढत नेत होती आणि न वळता सांगत होती, "दगड आहे, भाऊ. आता उतार आहे. उजवीकडं या." ते एकेक पाऊल मागे टाकत तिच्या सांगण्यावर चालत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. रंगाचा ठिपकाही नव्हता.

मी खुळ्यासारखी त्यांच्या समोर चालू लागले. समोरासमोर, ते मागे जात आणि मी पुढे. "हे काय, तुळशीभाऊ?" मी विचारलं. "तुम्हीही मुखवटा घाला ना. पडाल कुठेतरी."

"मुखवटा रंगवलेला राहते, बाई," ते म्हणाले. "शेवटल्या बाईवरच येते तो. शेवटी खरं तोंड पायजे."

"रोज?"

"रोज."

मला हसू फुटेल असं वाटलं, कारण दृश्य खरोखर हास्यास्पद होतं. एखाद्या नाटकात त्यांनी हे केलं असतं तर मंडप कोसळला असता. पण हसू आलं नाही, मी थांबले. ते थांबले नाहीत. बोलतानाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. त्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे, झाडांच्या बुंध्यांमधून, गवतातून, एकसारखे फिरत होते.

मी वाटेत उभी राहिले. जाणाऱ्या माणसाची आपल्याला पाठ दिसते. त्यांचा चेहरा मात्र लांब जाईपर्यंत दिसत होता, लहान लहान होत, माझ्या मागचं जंगल बघत. वळणावर आधी बायका दिसेनाशा झाल्या, मग दुपट्टा धरलेली बाई, आणि मग तो चेहरा.

मी मागे वळून बघितलं. मागे काही नव्हतं. तरी गावापर्यंत मीही उलटीच चालत आले.